खाणारीं तोंडें : चीनमधील कुटुंबनोंदीचा इतिहास

चांद्रवर्षाच्या आरंभीं येणारा वसंतोत्सव हा चिनी लोकांचा सर्वांत मोठा सण होय. त्याच्या आगेंमागें चाळीस दिवस त्या देशांत मनुष्यांची जी ये-जा होते, तिला तोड पृथ्वीच्या पाठीवर क्वचितच सांपडेल. २०१९ सालीं ह्या चाळीस दिवसांत सुमारें ३०० कोटि प्रवास झाल्याची सरकारी नोंद आहे. दक्षिणेकडील कारखान्यांतून, मोठमोठ्या शहरांतील बांधकामांवरून, खानावळींतून आणि धनिकांच्या घरांतून कामकरी स्त्रीपुरुष गाठोडीं घेऊन निघतात, आणि शेंकडों कोस दूर असलेल्या आपापल्या खेड्यांत चार दिवस घालवून पुन्हा कामावर परततात.

ह्या गर्दीकडे पाहणाऱ्यास हा केवळ घरच्या ओढीचा देखावा वाटतो, आणि तो तसा आहेही. परंतु थोडा विचार केला म्हणजे मनांत एक प्रश्न उभा राहतो. जो मनुष्य वीस वीस वर्षें एका शहरांत राहतो, तेथील इमारती बांधतो, तेथील रस्ते झाडतो, त्याचें घर अद्याप दूरच्या खेड्यांतच कां असावें? त्याचीं मुलें तेथें आजीआजोबांपाशींच कां वाढावीं? ह्याचें उत्तर केवळ दारिद्र्यांत किंवा जन्मभूमीच्या प्रेमांत सांपडत नाहीं. तें एका लहानशा पुस्तिकेंत सांपडतें. त्या पुस्तिकेचा इतिहास थोडक्यांत सांगावा, असा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ह्या पुस्तिकेमागील व्यवस्थेस ‘हूकौ’ म्हणतात. ‘हू’ म्हणजे घर किंवा कुटुंब, आणि ‘कौ’ म्हणजे तोंड. माणसें मोजतांना तोंडें मोजण्याची रीति चिनी भाषेंत फार जुनी आहे. आपणही ‘घरांत खाणारीं तोंडें किती’ असें विचारतोंच. पुस्तिकेंत कुटुंबप्रमुखाचें नांव, त्याच्याशीं इतरांचें नातें, जन्मतिथि, मूळ गांव वगैरे माहिती असते. वरवर पाहतां ह्यांत कांहींच वावगें नाहीं. प्रजेची नोंद कोणतेंही सरकार ठेवतेंच. परंतु चीनमध्यें ह्या नोंदीनें मनुष्य कोठें राहतो एवढेंच सांगण्याचें सोडून त्यानें कोठें राहावें, काय खावें आणि त्याच्या मुलानें कोणत्या शाळेंत बसावें हें ठरविण्यास आरंभ केला. नोंद मनुष्यासाठीं, कीं मनुष्य नोंदीसाठीं, हा वाद तेथें गेलीं साठसत्तर वर्षें चालू आहे.

प्रजेची मोजदाद करण्याची हौस चिनी राज्यकर्त्यांस प्राचीन काळापासून आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत छिन् राज्याचा मंत्री शांग यांग ह्यानें कुटुंबांचे लहान लहान गट पाडून एकाच्या अपराधाबद्दल दुसऱ्यास जबाबदार धरण्याची पद्धति घातली. इसवी सन २ मध्यें हान साम्राज्यांत झालेल्या गणनेचे आंकडे आजही उपलब्ध असून, त्यांवरून त्या काळची प्रजा सहा कोटींच्या घरांत होती असें दिसतें. अकराव्या शतकांत वांग आन-शी ह्या प्रसिद्ध सुधारक मंत्र्यानें ‘पाओ-ज्या’ नांवाची परस्पर देखरेखीची व्यवस्था सुरू केली, आणि विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत क्वोमिंतांग सरकारानें तिचेंच पुनरुज्जीवन केलें. मिंग राजवटीनें तर लष्करी, कारागीर व शेतकरी असे कुटुंबांचे वंशपरंपरागत वर्गही पाडले होते. परंतु जुन्या राज्यांचे हात फार लांबवर पोंचत नसत. दुष्काळ पडला किंवा बंडाळी माजली म्हणजे वह्या गांवच्या कचेरींत राहत, आणि माणसें चालूं लागत. शांतुंगचा शेतकरी मांचुरियांत गेला, फूच्येन आणि क्वांगतुंगमधील लोक समुद्र ओलांडून मलाया व जावा येथें पोंचले. शाईनें आंखलेली रेषा पावलांस अडवूं शकत नव्हती.

ती अडविण्याचें सामर्थ्य प्रथम आलें तें १९४९ नंतर स्थापन झालेल्या राज्याच्या अंगीं. येथें न्यायबुद्धीनें एक गोष्ट सांगितली पाहिजे. नव्या सरकारानें आरंभीं लोकांस खेड्यांत कोंडण्याचा बेत जाहीर केला नव्हता. उलट १९५४ च्या राज्यघटनेच्या ९० व्या कलमानें नागरिकांस वास्तव्याचें व स्थलांतराचें स्वातंत्र्य स्पष्ट शब्दांत दिलें होतें. पण १९५३ पासून पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली, आणि पोलादाचे व यंत्रांचे कारखाने त्वरेनें उभारावयाचे ठरलें. त्यांस भांडवल कोठून यावयाचें? तें शेतींतून यावयाचें होतें. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारानें धान्याची खरेदीविक्री आपल्या एकट्याच्या हातीं घेतली. शेतकऱ्यानें ठरलेल्या स्वस्त भावानें धान्य सरकारास द्यावें, आणि सरकारानें तें शहरांतील कामगारास स्वस्तांत पुरवावें, अशी ही योजना होती. आतां जेथें स्वस्त धान्य मिळतें तेथें माणसें धांवणारच. खेड्यांतून शहरांकडे लोंढे येऊं लागले. सरकारी भाषेंत त्यांस ‘आंधळे प्रवाह’ असें नांव मिळालें. १९५५ सालीं शहरांत धान्याचीं तिकिटें सुरू झालीं, आणि शहरांतील प्रत्येक तोंड हें सरकारच्या कोठारावरील एक बोजा ठरलें. कोठार मर्यादित असल्यावर तोंडेंही मर्यादित ठेवणें क्रमप्राप्तच होतें.

९ जानेवारी १९५८ रोजीं कुटुंबनोंदीचे नियम मंजूर झाले, आणि माओ त्से-तुंग ह्यांच्या सहीनें ते अंमलांत आले. त्यांतील दहावें कलम ह्या सर्व कथेचा कणा आहे. खेड्यांतून शहरांत राहावयास जाणाऱ्यानें शहरांतील मजूर खात्याचा नोकरीचा दाखला, शाळेंत प्रवेश मिळाल्याचा दाखला, किंवा शहराच्या नोंदणी कचेरीची परवानगी दाखविली पाहिजे, असें तें कलम सांगतें. चार वर्षांपूर्वीं घटनेनें दिलेलें स्वातंत्र्य घटनेस हातही न लावतां अशा प्रकारें एका नियमानें काढून घेतलें. पुढें १९७५ च्या घटनेंतून तें कलमही गळालें.

हा नियम झाला त्याच वर्षीं ‘मोठी झेप’ सुरू झाली. खेड्यांतील शेतें एकत्र करून कम्यून स्थापण्यांत आले. पिकांचे आंकडे फुगवून वर कळविण्याची चढाओढ लागली, आणि त्या खोट्या आंकड्यांच्या हिशेबानें खरें धान्य उचललें जाऊं लागलें. १९५९ ते १९६१ ह्या तीन वर्षांच्या दुष्काळांत किती माणसें मेलीं ह्याविषयीं अभ्यासकांत मतभेद आहेत. दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत अंदाज केले जातात. परंतु एका गोष्टीविषयीं फारसा मतभेद नाहीं. शहरांतील लोकांचें तिकीट आक्रसलें, त्यांच्या अंगावर सूज आली, पण सरकारी कोठारावर त्यांचा हक्क होता. ज्यानें धान्य पिकविलें त्या खेडुताचा मात्र कोठेंच हक्क नव्हता. झेपेच्या आरंभीं कारखान्यांसाठीं शहरांत घेतलेल्या सुमारें दोन कोटि लोकांस १९६१ नंतर परत खेड्यांत धाडण्यांत आलें. कोणाचें पोट आधीं भरावें हें त्या वर्षांत पुस्तिकेंतील एका शब्दानें ठरविलें.

तो शब्द म्हणजे ‘शेतकी’ किंवा ‘बिगरशेतकी’. ज्याच्या नांवापुढें ‘बिगरशेतकी’ लिहिलेलें असे, त्याला धान्याचें व कापडाचें तिकीट, सरकारी नोकरी, घर, औषधपाणी व म्हातारपणचें वेतन ह्यांचा लाभ मिळे. ‘शेतकी’ मनुष्यास कम्यूनमधील कामाचे गुण मोजून जें धान्य वांट्यास येईल तेवढ्यावर भागवावें लागे. आणि ह्याहून विलक्षण गोष्ट अशी, कीं हा दर्जा मूल आईकडून घेई. शहरांतील कामगारानें खेड्यांतील मुलीशीं लग्न केलें, तर त्यांचीं मुलें जन्मतःच खेडूत ठरत, व बाप शहरांत असतांही त्यांस तेथें धान्य मिळत नसे. ‘शेतकी’चें ‘बिगरशेतकी’ होण्याचा मार्ग अगदींच बंद नव्हता; सैन्यांतील अधिकारपद, विद्यापीठांतील प्रवेश, सरकारी कामासाठीं जमीन जाणें अशा कांहीं चिंचोळ्या वाटा होत्या. पण १९७७ च्या नियमाप्रमाणें एका वर्षांत दर हजारीं दीडच मनुष्यास हें परिवर्तन मिळावयाचें होतें. वर्गभेद नाहींसे करण्यासाठीं झालेल्या क्रांतीनें आईच्या पोटांतून येणारा एक नवा भेद निर्माण केला. जन्मावरून दर्जा ठरणें म्हणजे काय, हें भारतीय वाचकांस समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं.

उलट दिशेची वाट मात्र चांगली रुंद होती. १९६८ च्या डिसेंबरांत माओंनीं सुशिक्षित तरुणांस खेड्यांत जाऊन शेतकऱ्यांकडून शिकण्याचें आवाहन केलें, आणि सांस्कृतिक क्रांतीच्या त्या काळांत दीड कोटीहून अधिक तरुण-तरुणी शहरांतून खेड्यांत गेले. त्यांची नोंदही त्यांच्याबरोबर गेली. पुढें घरीं परतण्यासाठीं त्यांनीं केलेले अर्ज, काढलेले मोर्चे आणि लग्नें मोडून घेतलेल्या परवानग्या ह्यांच्या कथा त्या पिढीच्या वाङ्मयांत ठायीं ठायीं आढळतात. शहरांत जन्मलेल्या ह्या मुलांस खेड्यांत ठेवणें ही शिक्षा वाटली. पण ज्यांचा जन्मच तेथें झाला होता त्यांच्यासाठीं ती नित्याचीच स्थिति होती, हें फार थोड्यांच्या ध्यानांत आलें.

ह्या भिंतीला पहिलें भगदाड पाडलें तें कोणत्या कायद्यानें नव्हे. १९७८ च्या अखेरीस आन्ह्वै प्रांतांतील श्याओगांग नांवाच्या दरिद्री खेड्यांत अठरा शेतकऱ्यांनीं गुप्तपणें एक करार करून त्यावर अंगठे उठविले. कम्यूनची जमीन घरोघर वांटून घ्यावयाची, सरकारचा वांटा भरून उरलेलें स्वतःकडे ठेवावयाचें, आणि ह्यांत कोणी तुरुंगांत गेलाच तर त्याचीं मुलें इतरांनीं वाढवावयाचीं, असा तो करार होता. असे प्रयोग अन्यत्रही होत होते. देंग श्याओपिंग ह्यांच्या राजवटीनें त्यांस प्रथम दुर्लक्षानें व मग उघडपणें मान्यता दिली. पीक वाढलें, बाजारांत मोकळें धान्य आलें, आणि १९८० नंतरच्या चारपांच वर्षांत कम्यून इतिहासजमा झाले. बाजारांत पैसे देऊन तांदूळ मिळूं लागला तेव्हां तिकिटाचा धाक संपला. १९८४ सालीं सरकारानें शेतकऱ्यांस लहान बाजारगांवांत राहण्याची मुभा दिली. अट एवढीच, कीं आपल्या धान्याची सोय त्यांनीं आपणच पाहावी. १९९३ मध्यें धान्याचीं तिकिटें बंद झालीं. तोंडाची भीति गेली, पण तोंडांची नोंद मात्र राहिली.

कारण आतां तिचा दुसराच उपयोग होता. १९८० मध्यें शेन्झेन येथें विशेष आर्थिक क्षेत्र स्थापन झालें, आणि एके काळीं शेतांचा व कोळ्यांचा असलेला तो प्रदेश वाढत वाढत २०२० च्या जनगणनेच्या वेळीं पावणेदोन कोटि वस्तीचें महानगर बनला. अशा शहरांस कामकरी हात हवे होते. परंतु त्या हातांबरोबर येणारीं मुलें, म्हातारीं माणसें आणि आजार त्यांस नको होते. खेडुताची नोंद खेड्यांतच राहिली, तर त्याच्या मुलांची शाळा आणि त्याचें म्हातारपण हा खेड्याचा भार राही. शहराला मजूर मिळे, पण शहराचा नागरिक वाढत नसे. १९८५ पासून अशा लोकांस ‘तात्पुरत्या वास्तव्याचा परवाना’ घ्यावा लागूं लागला. तो जवळ नसला तर पोलीस धरून नेत, आणि १९८२ च्या एका नियमाखालीं कोठडींत ठेवून गांवीं परत पाठवीत. मूळ हा नियम भिकाऱ्यांच्या व निराश्रितांच्या मदतीसाठीं केलेला होता!

१७ मार्च २००३ च्या रात्रीं ग्वांगझौ शहरांत सुन झिगांग नांवाचा सत्तावीस वर्षांचा तरुण असाच धरला गेला. तो वूहानमध्यें शिकलेला पदवीधर होता, आणि कपड्यांच्या एका कंपनींत चित्ररेखनाच्या कामावर नुकताच लागला होता. परवाना जवळ नव्हता एवढाच त्याचा अपराध. तीन दिवसांनीं, २० मार्च रोजीं, अटकेंत असतांनाच मारहाणीनें त्याचा अंत झाला. ‘नानफांग दूशी पाओ’ ह्या वर्तमानपत्रानें एप्रिलमध्यें ही हकीकत छापली. देशभर संताप उसळला. तीन तरुण कायदेपंडितांनीं हा नियमच घटनाबाह्य असल्याचा अर्ज राष्ट्रीय लोकसभेकडे केला. जूनमध्यें पंतप्रधान वेन ज्याबाओ ह्यांच्या सरकारानें तो नियम रद्द केला. चीनमध्यें लोकमतानें जिंकलेल्या थोड्या लढायांपैकीं ही एक होय. परंतु तिच्यांतही एक कटु गोष्ट दडलेली आहे. ह्या नियमाखालीं अनेक वर्षें असंख्य निरक्षर मजूर धरले गेले होते; देश हळहळला तो एक पदवीधर मेला तेव्हां.

परवान्याचा जाच कमी झाला, तरी मुलांचा प्रश्न राहिलाच. शहरांतील शाळा परगांवच्या मुलांस दीर्घकाळ नाकारीत किंवा जबर फी मागत. आणि एखाद्यास शाळा मिळाली तरी विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा सामान्यतः नोंदीच्या प्रांतांतच द्यावी लागे. २०१२ मध्यें ह्यांत शैथिल्य आणण्याचा आदेश निघाला, पण बीजिंग व शांघाय ह्यांनीं आपलीं दारें किलकिलींच ठेवलीं. म्हणून आईबाप मुलांस गांवीं ठेवतात. चिनी भाषेंत त्यांस ‘मागें राहिलेलीं मुलें’ म्हणतात. २०१३ सालीं अखिल चीन महिला संघानें अशा मुलांची संख्या ६ कोटि १० लक्ष दिली. तीन वर्षांनंतर सरकारी गणनेंत ती ९० लक्ष भरली. मुलें कोठें गेलीं? बहुतेक कोठेंच गेलीं नाहींत, व्याख्या बदलली. आईबापांपैकीं एकजण जरी घरीं असला, तरी मूल ‘मागें राहिलेलें’ नव्हे, असें नव्या गणनेनें ठरविलें. वर्षांतून एकदां आईस भेटणाऱ्या मुलाचें दुःख असें एका ओळीच्या फेरफारानें वहींतून नाहींसें करतां येतें.

ह्याहूनही करुण स्थिति ज्यांची नोंदच नव्हती त्यांची. १९८० पासून २०१५ पर्यंत चाललेल्या एकापत्य धोरणाच्या काळांत नियमाबाहेर जन्मलेल्या मुलांचीं नांवें कित्येक ठिकाणीं दंड भरल्याशिवाय लिहून घेत नसत. २०१० च्या जनगणनेंत असे सुमारें १ कोटि ३० लक्ष लोक आढळले. त्यांस शाळा नाहीं, आगगाडीचें तिकीट नाहीं, कायदेशीर विवाह नाहीं. श्वास चालू असून कागदावर ते जन्मलेच नव्हते. २०१६ च्या जानेवारींत ह्या सर्वांची विनाअट नोंद करण्याची आज्ञा झाली, हें त्या सरकारास भूषणावह आहे. पण ती होण्यास पस्तीस वर्षें लागलीं.

ह्या व्यवस्थेचे समर्थकही आहेत, आणि त्यांचें म्हणणें ऐकल्याशिवाय निर्णय देणें योग्य होणार नाहीं. ते म्हणतात, इतक्या अवाढव्य देशांत स्थलांतर मोकळें सोडलें असतें तर शहरांभोंवतीं झोंपड्यांचीं अफाट जाळीं पसरलीं असतीं. शिवाय खेड्यांतील नोंदीबरोबर प्रत्येकास जमिनीचा वांटा असतो, आणि तो संकटकाळीं उपयोगीं पडतो. ह्यांत तथ्य आहे. २००८ च्या जागतिक मंदींत सुमारें दोन कोटि मजुरांची कामें गेलीं, आणि ते निमूटपणें गांवीं परतले. २०२२ च्या ऑक्टोबरांत रोगाच्या भयानें झेंगझौच्या एका प्रचंड कारखान्यांतील कामगार कुंपणें ओलांडून महामार्गानें पायीं निघाले, तेही गांवाकडेच. जमिनीचा तुकडा हा खेडुताचा विमा आहे खरा. परंतु त्या विम्याचा हप्ता त्यानें आपल्या मुलांच्या सहवासानें भरला, हें समर्थक सांगत नाहींत. आणि म्हातारपणीं काय? २०२४ सालीं खेडूत वृद्धांस मिळणारें किमान मूलभूत वेतन महिना १२३ युआन ठरलें. शहरांतील निवृत्त नोकरास त्याच्या कित्येक पट मिळतें.

२०१४ मध्यें ‘शेतकी’ व ‘बिगरशेतकी’ हा भेद कागदावरून काढून टाकण्याचें ठरलें. लहान शहरांनीं दारें उघडावीं, पन्नास लाखांवरील शहरांनीं मात्र संख्येवर कडक नियंत्रण ठेवावें, असें धोरण आंखलें गेलें. बीजिंगमध्यें शिक्षण, नोकरीचीं वर्षें वगैरे पाहून गुण देण्यांत येतात, आणि वर्षाकाठीं सुमारें ६००० जणांस ह्या मार्गानें नोंद मिळते. शहराची वस्ती मात्र दोन कोटींवर आहे. नोव्हेंबर २०१७ मध्यें त्याच शहराच्या दाशिंग भागांत मजुरांच्या वस्तीस आग लागून १९ माणसें दगावलीं. त्यानंतर सुरक्षिततेच्या नांवाखालीं हजारों मजुरांस ऐन थंडींत घराबाहेर काढण्यांत आलें. सरकारी कागदांतील ‘खालच्या प्रतीची वस्ती’ हा शब्दप्रयोग त्या वेळीं लोकांच्या तोंडीं झाला, आणि अनेक सुशिक्षित नागरिकांनीं त्याविरुद्ध जाहीर पत्रक काढलें. २०२० च्या जनगणनेंत असें दिसलें, कीं दर शंभरांतील सुमारें ६४ चिनी लोक शहरांत राहतात. पण ज्यांची नोंद शहरांत आहे असे शेंकडा ४५ च आहेत. ह्या दोन आंकड्यांमधील अंतर म्हणजे पंचवीस कोटींहून अधिक माणसें.

आतां काळानें एक मौजेची कलाटणी घेतली आहे. २०२२ पासून चीनची लोकसंख्या घटूं लागली. जीं शहरें पूर्वीं खाणारीं तोंडें मोजून घाबरत, तींच आतां काम करणारे हात कमी पडतील ह्या भीतीनें तरुणांस नोंदीचें आमंत्रण देऊं लागलीं आहेत. तीस लाखांखालील शहरांतील निर्बंध काढावेत असें सरकारही सांगत आहे. आणि खेडूत? तो आतां सावध झाला आहे. शहराची नोंद घेतली तर गांवची जमीन व घराची जागा हातची जाईल कीं काय, ह्या शंकेनें तो पुस्तिका बदलण्यास कचरतो. दोन पिढ्यांच्या अनुभवानें त्याला शिकविलें आहे, कीं शहर आपल्याला गरजेपुरतें बोलावतें.

ह्या सर्व इतिहासावरून एक गोष्ट स्पष्ट होते. चीनमध्यें ही भिंत प्रत्येक वेळीं आधीं पावलांनीं ओलांडली, आणि कायदा मागाहून आला. शेतकऱ्यांनीं जमीन वांटून घेतल्यावर कम्यून गेले. मजूर शहरांत पोंचल्यावर परवाने निघाले. एका तरुणानें प्राण गमावल्यावर अटकेचा नियम रद्द झाला. जें लोकांनीं आधींच केलें, तें सरकारानें नंतर दिलें. परंतु अशा रीतीनें मिळालेली मुभा ही मुभाच राहते, ती हक्क होत नाहीं. १९५४ च्या घटनेंतील स्थलांतराच्या स्वातंत्र्याचें तें एका ओळीचें कलम १९८२ च्या घटनेंत पुन्हा आलें नाहीं, आणि अद्यापही तें तेथें नाहीं. तोंवर पुढच्या वसंतोत्सवांतही कोट्यवधि माणसें गाठोडीं घेऊन निघतील, वर्षानें उंच झालेल्या मुलाकडे क्षणभर अनोळखी नजरेनें पाहतील, आणि चार दिवसांनीं, मूल जागें होण्यापूर्वींच, पहांटेची गाडी धरतील.